कंबर कसलेला सात

दिवसभर मी तळघरात आकडे उचलते,
जुन्या वहीतून काढून यंत्रात ठेवते.
वेधशाळेला हवी आहे सव्वाशे वर्षांपूर्वीची थंडी,
अंशांत, दशांशासकट.
ही वही एस्टोनियाच्या किनाऱ्यापलीकडल्या
एका बेटावरच्या दीपगृहाची.
पुठ्ठ्याला अजून हेरिंगचा वास येतो,
निदान जेवायच्या सुट्टीआधी मला तसं वाटतं.

दिवसाला तीन नोंदी. सकाळी सात, दुपारी एक, रात्री नऊ.
पारा. वारा. धुकं. बर्फ कुठवर आला.
खाली सही, तीच ती:
मिहकेल रांदमा, दीपरक्षक.

१८८८ च्या ऑक्टोबरपर्यंत त्याचा सात विळ्यासारखा,
वर एक रेघ, खाली तिरका घाव.
नोव्हेंबरपासून साताच्या पोटावर
आणखी एक आडवी रेघ,
आखूड, घट्ट.
कंबर कसलेला सात.
सही मात्र जुनीच, जरा जास्तच जपून केलेली,
दुसऱ्याचा कोट अंगात घालून चालावं तशी.

बदलतं म्हणा माणसाचं अक्षर.
हात भाजतो, चष्मा लागतो, दारू लागते.
मीही तेवढंच म्हणाले आणि पान उलटलं.

मग ३ मार्च १८९६.
सकाळचा रकाना कोरा.
दुपारचा कोरा.
सात वर्षांत पहिल्यांदाच.
रात्री नऊला: उणे अकरा पूर्णांक सात.
वारा ईशान्य. किनाऱ्यालगत बर्फ पक्का.
आकडा थरथरलाय, पण रेघ जागच्या जागी.

चर्चच्या दप्तरात मी ती तारीख शोधली
(या कामाचे मला कोणी पैसे देत नाही).
मुलगी. जन्म दुपारी चार.
बाप मिहकेल, आई वीयू.

चार ते नऊ.
एकसष्ट पायऱ्या, वर वाऱ्याने आपटणारं लोखंडी दार,
त्याच्या बाहेर, उत्तरेच्या भिंतीवर, तापमापी.
मी दोनदा बाळंत झाले, इस्पितळात, उबेत.
पाच तासांनी मला
चहाचा कप धरवत नव्हता.

पुढच्या वर्षी राजधानीहून पदक आलं,
अखंड आणि अचूक नोंदींबद्दल.
पावतीवर मिहकेलने स्वतःच्या हाताने लिहिलंय:
मिळालं, १८९७.
सात विळ्यासारखा.
तळघरात मी एकटीच मोठ्यांदा हसले.

तो वाईट होता असं नाही म्हणत मी.
रात्रभर दिवा तोच राखायचा, काजळी तोच पुसायचा.
दिव्याखालचा अंधार तेवढा
तिच्या वाट्याला आला.
तिला हे काम आवडायचं का, तेही ठाऊक नाही.
शिव्या मोजत चढत असेल एकेक पायरी.
किंवा दिवसात तीनदा, तिथे वर,
कोणी हाक मारत नसेल, एवढंच सुख.
लहानपणी तिला वळण लावलं असेल,
मान खाली, आवाज हळू;
ते सगळं तिने आकड्यांना देऊन टाकलं.

वरच्या मजल्यावर एक आलेख लावलाय,
डावीकडून उजवीकडे चढत जाणारा.
या हिवाळ्यात ती खाडी गोठलीच नाही.
पाहुण्यांना आमचे तरुण संशोधक
डावं टोक बोटाने दाखवतात:
इथून पुढचं सगळं भरवशाचं.

निरीक्षकाच्या रकान्यात मी एकदा 'वीयू' भरून पाहिलं.
यंत्र म्हणालं, नाव यादीत नाही.
मी परत मिहकेल लिहिलं,
आणि पुन्हा मिहकेल, आणि पुन्हा,
संध्याकाळपर्यंत.

शेऱ्यासाठी मात्र थोडी जागा असते,
ती सहसा कोणी वाचत नाही.
३ मार्चच्या दोन कोऱ्या नोंदींपुढे मी लिहिलं:
निरीक्षक बाळंत होत होती.

अजून कोणी खोडलेलं नाही.